भाकरी थापणारे हात आणि चार माध्यमं: कशातून काय करायचं हे कसं ठरवायचं

दरवर्षी नवीन बॅच आली की दोन-तीन आठवड्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. मॅडम मी पेंटिंग घेऊ का शिल्प, सिरॅमिक मला जमेल का, नुसत्या ड्रॉइंगवर प्रोजेक्ट केला तर चालेल का. मी स्वतः शिल्पकला केली आणि आता कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या, म्हणजे पायाभूत वर्षाच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी अनुभवलाय. माझं उत्तर एकच असतं, बसून विचार करून माध्यम ठरत नाही. विषय एकच ठेवा, लहान आकारात चारही माध्यमांतून न्या (ड्रॉइंग, रंग, सिरॅमिक म्हणजे भाजलेली माती, आणि शिल्प), आणि त्या विषयातली एकच बारीक गोष्ट पकडून बघा की प्रत्येक माध्यम तिचं काय करतं. ते बघितलं की मोठं काम कशात करायचं हे हातच सांगतात.

खाली मी माझाच विषय घेतलाय, आजीचे भाकरी थापणारे हात. आणि पकडलेली बारीक गोष्ट म्हणजे त्या हातांवरचं पीठ. तुमचा विषय वेगळा असेल, सायकल दुरुस्त करणारा माणूस असेल नाहीतर गोठ्यातली म्हैस, पण क्रम हाच ठेवा.

आधी आठ दिवस फक्त ड्रॉइंग

हे टाळू नका. मुलं थेट कॅनव्हासवर जातात आणि मग फोनमधला फोटो बघून काम करतात, त्यात फोटोतलं सगळं येतं पण वजन येत नाही. फोटो काढा, जरूर काढा, पण मापासाठी. बघायचं ते समोर बसून.

कागद स्वस्तातला घ्या, न्यूजप्रिंटची रीम आणली तर कागद वाया जाण्याची भीती राहत नाही. पहिले दोन दिवस तीस सेकंदांची स्केचेस, मग दोन मिनिटांची, मग पंधरा मिनिटांची. दोन-तीन दिवसांत पन्नास स्केचेस सहज होतात. भाकरी थापताना हात थांबतच नाही, तळवा दाबतो, बोटं कडेला जरा उचलली जातात आणि भाकरी परातीत हळूहळू गोल फिरत मोठी होत जाते. मी पहिल्या दिवशी हाताची बाह्यरेषा काढायला गेले आणि काहीच हाती लागलं नाही, कारण रेषा पूर्ण होईपर्यंत हात दुसरीकडे गेलेला असायचा. तिसऱ्या दिवशी कळलं की काढायचा हात नाहीच, काढायचा तो दाब. मनगट ते तळव्याची गादी, तिथे सगळा जोर आहे, बोटं फक्त दिशा देतात. हे एकदा कळल्यावर पुढच्या सगळ्या माध्यमांत उपयोगी पडलं.

पेन्सिली एचबी, टूबी, सिक्सबी पुरतात, दहा ग्रेडचा डबा घेऊ नका. पण हलत्या गोष्टीला माझ्या मते चारकोल, म्हणजे कोळशाची कांडी. चारकोलमध्ये चूक बोटाने पुसली जाते आणि आधीची पुसट रेषा खाली राहते, ती राहिलेली रेषाच हालचाल दाखवते. आणि आपलं पीठ? चारकोलमध्ये पीठ काढता येत नाही, ते *उचलावं* लागतं. आधी पूर्ण हात मध्यम करड्या टोनने भरून घ्यायचा आणि मग मळून वापरायचं ते मऊ खोडरबर, नीडेबल म्हणतात ते, त्याला टोक काढून बोटांच्या पेरांवर हलकेच टेकवून उचलायचं, घासायचं नाही. टेकवायचं आणि उचलायचं. पीठ जसं हाताला चिकटतं तसंच ते कागदावर दिसायला लागतं.

फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर पक्का करणारा स्प्रे, बाहेर मोकळ्या हवेत मारा, साधारण एक फुटावरून, आणि एकाच जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर. जवळून मारलं तर चारकोल उडतो आणि डाग पडतात.

शेवटच्या दोन दिवसांत वस्तूच्या चारही बाजूंनी ड्रॉइंग करा, समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि वरून. हे शिल्पासाठी लागणार आहे. आणि हे करताना तुम्हाला एक गोष्ट जाणवेल, एखादी बाजू इतकी कंटाळवाणी असते की ती काढावीशीच वाटत नाही. तसं असेल तर नोंद करून ठेवा, तुमचा विषय कदाचित गोल शिल्पाचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी बघायच्या शिल्पाचा नाही, रिलीफचा आहे, म्हणजे उठावाचा.

रंग: वॉटरकलर, ऑइल की अ‍ॅक्रिलिक

इथे तीन छोटी कामं करा, पोस्टकार्डच्या दुप्पट आकाराची. मोठं नको.

वॉटरकलरमध्ये पीठ म्हणजे न रंगवलेला कागद. म्हणजे पांढरं कुठे राहणार हे ब्रश उचलायच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर जागा मिळत नाही. त्यामुळे ज्याला आधी ठरवून काम करायला आवडतं त्याला हे माध्यम साथ देतं. कागद तीनशे जीएसएमचा घ्या, पातळ कागद असेल तर ओला करून बोर्डवर गम टेपने ताणून वाळवा नाहीतर पहिल्या वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या हाताला, लाटा उठतात. वॉटरकलर वाळल्यावर फिकट होतो आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर जरा गडद होतो, हे उलटसुलट लक्षात ठेवलं नाही तर हमखास टोन चुकतो.

वॉटरकलर म्हणजे हलकंफुलकं, निसर्गचित्रापुरतं, असा एक समज मुलांमध्ये असतो. त्यांना मी सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र दाखवते, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते. दिव्याचा उजेड बोटांतून आरपार आलाय, चेहऱ्यावर पडलाय, आणि हे सगळं वॉटरकलर आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि अर्थातच ऑइलचं समजतात. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे आणि चित्रासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. चुलीपुढचे हात करायचे असतील तर हे चित्र तासभर बघा, उजेड जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे रंग सगळ्यात कमी आहे.

ऑइलमध्ये पीठ सगळ्यात शेवटी येतं. आधी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनमध्ये टर्पेंटाइन घालून पातळ अंडरपेंटिंग, मग यलो ऑकरचे मधले टोन, आणि शेवटी टायटेनियम व्हाइटचा जाड फटकारा पेरांवर, तो परत ब्रशने छेडायचा नाही. नियम एकच आणि तो मोडू नका, खालचे थर पातळ, टर्पेंटाइनचे, वरचे थर तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि काही महिन्यांत तडे. पावसाळ्यात ऑइलचा थर वाळायला आठवडे जातात, त्यामुळे सबमिशन ऑगस्टमध्ये असेल तर ऑइल घेताना तारीख उलटी मोजा. अ‍ॅक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर अ‍ॅक्रिलिक नाही. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

अ‍ॅक्रिलिक पटकन वाळतं, हॉस्टेलच्या खोलीत वास नाही, चूक झाली तर वरून रंगवता येतं. पण दोन टोन एकमेकांत हळूच मिसळायचे असतील तर हात पोचायच्या आत वाळतं, आणि हाताच्या कातडीचं काम म्हणजे सगळं त्या मिसळण्यातच आहे. मला स्वतःला अ‍ॅक्रिलिक सपाट, ठाम रंगांसाठी आवडतं, कातडीसाठी नाही.

सिरॅमिक: इथे घाई केली की काम फुटतं

हा भाग सगळ्यात लांब लिहितेय कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

पहिली गोष्ट, माती कोणती. गणपतीची शाडू वेगळी, ती कच्चीच राहायची असते, तिच्यावर भट्टीसाठी भरवसा ठेवू नका. टेराकोटाची लाल माती साधारण ९०० ते १०५० अंशांत भाजली जाते. स्टोनवेअर १२०० च्या पुढे. टेराकोटा चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेली तर वितळून बसते आणि खालचं शेल्फही खराब करते, मग ज्याचं शेल्फ आहे तो पुढच्या वेळी तुमचं काम घेत नाही. म्हणून माती घेतानाच किती तापमानाची ते विचारा आणि पिशवीवर मार्करने लिहा.

दुसरी गोष्ट, आकसणं. मातीचा एक छोटा तुकडा लाटून त्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा, वाळवा, भाजून आणा आणि परत मोजा. ८.८ भरली तर तुमची माती बारा टक्के आकसते. म्हणजे शेवटी २० सेंटिमीटरचा हात हवा असेल तर ओल्या मातीत २० भागिले ०.८८, पावणेतेवीसच्या जवळपास करावा लागेल. मुलं हे करत नाहीत आणि मग हात परातीत बसत नाही.

माती मळणं म्हणजे खरंच पीठ मळण्यासारखंच, तळव्याने पुढे ढकलायची, गोळा वळवायचा, परत ढकलायची. आजीचे हात आठ दिवस बघितल्याचा मला इथे जो फायदा झाला तो दुसरीकडे कुठे झाला नाही, मातीवर दाब देताना मी तेच करत होते जे काढत होते. जोडताना दोन्ही बाजूंना कंगव्याने किंवा सुईने ओरखडे काढा, पातळ मातीची चिकल लावा आणि दाबून जोडा, नुसतं पाणी लावून चिकटवलेलं बोट वाळताना पडतं.

तिसरी गोष्ट, पोकळ करणं. माती चामड्यासारखी घट्ट झाली, म्हणजे बोट दाबलं तर वळ उठत नाही पण सुरी जाते, तेव्हा खालून लूप टूलने, म्हणजे टोकाला तारेचा फासा असलेल्या हत्याराने, कोरून काढा. भिंत कुठेही दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि कुठेतरी एक छिद्र ठेवा.

आता माझं काय झालं ते सांगते. दुसऱ्या वर्षी मी दोन हात आणि परात असं काम केलं, वरून पांढरं दिसत होतं, कोरडं वाटत होतं, भट्टी दुसऱ्या दिवशी लागणार होती म्हणून दिलं. डावा हात मनगटापासून फुटला, शेजारच्या मुलीच्या दोन वाट्यांमध्ये त्याचे तुकडे जाऊन चिकटले. सगळे म्हणाले मातीत हवा राहिली असेल. बरीच वर्षं मीही तेच मानत होते. खरं कारण हवा नाही, *पाणी* आहे. मनगटाचा भाग मी कोरला नव्हता, आतून ओला होता, शंभर अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ झाली आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळायच्या आत तापमान चढलं. हवेचा बुडबुडा असलेली पण पूर्ण कोरडी वस्तू बहुतेक वेळा नीट भाजून येते.

हे कळल्यापासून मी एक करते आणि मुलांनाही करायला लावते, वस्तू गालाला लावून बघायची. गार लागली म्हणजे आत पाणी आहे. भट्टीत नाही जायची, कितीही तारीख जवळ आलेली असो. पावसाळ्यात तर जाड काम वाळायला तीन-तीन आठवडे लागतात, प्लास्टिकने सैल झाकून सावकाश वाळवा, पंख्याखाली ठेवलं तर एक बाजू आधी आकसते आणि चीर पडते. भट्टी लावणाऱ्याला विनंती करा की ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवा. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि थंड होताना तिथेच आकसतं, म्हणून तो टप्पाही सावकाश घ्यायचा आणि भट्टी गरम असताना झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा.

आता पीठ. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायला सगळ्यांचे हात शिवशिवत असतात, चकचकीत दिसतं ना. पण जाड ग्लेझ बोटांच्या सुरकुत्या, नखाच्या कडा सगळं भरून टाकतं आणि आठ दिवस बघून केलेलं काम साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं. मी टेराकोटाच्या हातावर भाजायच्या आधी, चामड्यासारख्या अवस्थेत, पांढऱ्या मातीची पातळ स्लिप लावली आणि ओल्या स्पंजने उंच भागांवरून पुसून टाकली. पांढरं फक्त सुरकुत्यांत आणि नखांच्या कडेला राहिलं. लाल हात आणि खाचांत अडकलेलं पीठ. चारही माध्यमांत पीठ सगळ्यात खरं इथे दिसलं, आणि ते मी ठरवून केलं नव्हतं, स्पंजने झालं.

ग्लेझ लावणारच असाल तर तळ आणि तळापासून दोन-तीन मिलिमीटर कोरडं ठेवा, नाहीतर वस्तू शेल्फला चिकटते. आणि वाळलेली माती कोरडी घासू नका, त्या धुळीत सिलिका असते, फुफ्फुसात जाते. ओल्या स्पंजने पुसा, फरशीही झाडू नका, ओलं पोतं मारा.

शिल्प: आधी दाराची रुंदी मोजा

खरंच सांगते. दरवाजा, जिना, आणि काम नेणार कशातून, टेम्पो का एसटी, हे मोजल्याशिवाय आर्मेचर वाकवू नका.

आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा, मोठ्या कामाला सळई, लहानाला अ‍ॅल्युमिनियमची तार. सांगाडा शेवटच्या आकारापेक्षा सगळीकडून नीट आत राहिला पाहिजे, नाहीतर बोट पातळ करायला जाल आणि तार बाहेर येईल. जिथे मातीचा मोठा गठ्ठा लोंबणार आहे तिथे लाकडाच्या दोन काड्यांची फुली तारेने बांधून लटकवायची, बटरफ्लाय म्हणतात, ती माती धरून ठेवते. रोज काम झालं की ओलं कापड आणि वर प्लास्टिक. भट्टीत जाणाऱ्या कामात आर्मेचर ठेवायचं नाही, हे शिल्प प्लास्टरमध्ये जाणार आहे.

प्लास्टरचा वेस्ट मोल्ड, म्हणजे मातीच्या शिल्पावर घेतलेला आणि शेवटी फोडून टाकायचा साचा, एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. पाण्यात प्लास्टर भुरभुरवायचं, प्लास्टरमध्ये पाणी ओतायचं नाही. एक लिटर पाण्याला साधारण सव्वा ते दीड किलो, पाण्यावर प्लास्टरची बेटं दिसायला लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग हात खाली ठेवून ढवळा म्हणजे बुडबुडे येत नाहीत. पहिल्या थराच्या पाण्यात कपड्याची थोडी नीळ टाका. हा निळा थर पाचेक मिलिमीटरचा, त्यावर चिकलीचा हलका हात, आणि त्यावर पांढरा जाड थर. मोल्ड रिकामा करून, आतून साबण लावून, प्लास्टर भरून झालं की बोथट छिन्नीने बाहेरचा मोल्ड फोडायचा असतो, आणि पांढऱ्यात पांढरं फोडताना मोल्ड कुठे संपला आणि शिल्प कुठे सुरू झालं हे कळतच नाही. निळं दिसलं की हात आवरायचा. पहिल्यांदा निळ्याखालून पांढरं नख बाहेर येतं ना, तो क्षण मी कुठल्याही मुलाला चुकवू देत नाही.

प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं, त्यात हात बुडवून स्वतःच्या हाताचा मोल्ड कधीही घेऊ नका. सिंकमध्ये ओतू नका, पाइप कायमचा जातो. आणि प्लास्टरचे तुकडे सिरॅमिकच्या मातीत जाऊ देऊ नका, भाजून आल्यावर ते ओल शोषून फुगतात आणि वरचा पापुद्रा उडतो, त्यामुळे दोन्ही कामांची टेबलं वेगळी. फायबरग्लासकडे गेलात तर एकच गोष्ट जिवावरची, हार्डनर आणि कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीच मिसळायचं नाही, भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरं.

प्लास्टर म्हणजे तात्पुरतं, गरिबाचं, असं म्हणणारे भेटतील. शिल्पकार गणपतराव म्हात्रे १८९६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना, विशीच्या वयात 'मंदिरपथगामिनी' करतात, ती प्लास्टरचीच. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये संथाळ कुटुंब उभं केलं ते सिमेंट आणि लाल मुरमाच्या खडीत, आणि त्या माणसांच्या अंगाचा खरखरीतपणा त्या खडीतूनच येतो. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी ब्राँझचा आहे, पण अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरी जाऊन या, तिथे सिमेंटमधलं काम बघा. ब्राँझ परवडलं नाही म्हणून दुय्यम केलं असं त्या कामांपुढे उभं राहून वाटत नाही.

आणि प्लास्टरमध्ये पीठ? नाहीसंच होतं. सगळंच पांढरं. माझं गोल शिल्प चांगलं झालं होतं, प्रमाण बरोबर होतं, पण त्यातून भाकरी गेली होती, नुसते कशावर तरी टेकलेले दोन हात राहिले होते.

मग निवड

आता चार-सहा छोटी कामं एका भिंतीपाशी मांडा आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघू नका. मग जाऊन तीन प्रश्न स्वतःला विचारा आणि वहीत लिहा. तुमची बारीक गोष्ट कुठे जिवंत आहे? कुठलं काम करताना वेळ कळला नाही? आणि हातात असलेले दिवस, पैसे, भट्टी यांत मोठं काम खरंच पूर्ण होईल का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एक आणि तिसऱ्याचं वेगळं आलं तर माध्यम सोडू नका, आकार कमी करा. सहा इंचाचं नीट भाजलेलं काम दोन फुटाच्या फुटलेल्या कामापेक्षा बरं. ती वही परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते, बाहेरून आलेले परीक्षक विचारतातच की हे टेराकोटातच का, आणि मला आवडतं म्हणून हे उत्तर तिथे पुरत नाही. स्पंजने काय झालं ते सांगा.

माझी निवड टेराकोटा आणि सोबत चारकोलची सहा ड्रॉइंग अशी झाली. ड्रॉइंगमध्ये हालचाल, मातीत दाब.

शेवटचा निर्णय पेडेस्टलचा, म्हणजे काम कशावर ठेवायचं त्याचा, आणि तो बहुतेक जण प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घेतात. स्टोअररूममध्ये जे पांढरे ठोकळे असतात ते कमरेएवढे उंच असतात, त्यावर ठेवल्यावर माझे हात दुकानातल्या शोपीससारखे दिसायला लागले. भाकरी आम्ही कधी त्या उंचीवर बघितलीच नव्हती, आजी खाली बसायची आणि आम्ही तिच्यासमोर ताट घेऊन. मी सुताराकडून एक फुटाचा पाट करून आणला आणि हात त्यावर ठेवले. पहिल्या दिवशी दोघं-तिघं उभ्यानेच बघून पुढे गेले, मग एक बाई आल्या, पदर सावरून खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.